चाळीस पावलं आणि चार पोती चुना

"बांधकाम खात्यात इंजिनिअर होतो" असं मी कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. कुठला पूल बांधला? कुठलं धरण? माझा साडू कोयनानगरला नोकरीला होता. त्याच्या गप्पांत बोगदे असतात, भूकंप असतात, घाटात लटकलेले ट्रक असतात. माझ्या गप्पांत माती असते, आणि तीही काळी. उभी नोकरी मी डांबर नसलेल्या रस्त्यांवर घालवली. आमच्या कोरेगावच्या घरी पाव्हणे आले की बायको सांगायची, "ह्यांचं काम तसं मोठं आहे, पण पावसाळ्यात दिसत नाही."

ती थट्टेनं म्हणायची, पण खोटं नव्हतं. काळी माती उसाला सोनं आणि रस्त्याला वैरीण. उन्हाळ्यात ती अशी फाटते की एकदा माझी फूटपट्टी भेगेत पडली आणि काढताना कोपरापर्यंत हात आत गेला. पट्टी मिळाली नाहीच. पाऊस पडला की हीच माती पाणी पिऊन कणकेसारखी फुगते. चप्पल घालून दहा पावलं चाला, अकराव्या पावलाला तुम्ही वीतभर उंच झालेले असता आणि बाराव्याला अनवाणी. वर मुरूम टाकावा तर दोन पावसाळ्यांत तो खाली जातो. इतकी वर्षं झाली, खाली गेलेला मुरूम नेमका कुठं जातो हे मला अजून कळलेलं नाही.

ह्यावर एक उपाय आहे, चुना. माती नांगरून, फोडून बारीक करायची, तिच्यात मापानं चुना मिसळायचा, बेतानं पाणी मारायचं, रोलरनं दाबायची आणि मग सात दिवस ओली पोती टाकून तिला निवांत ठेवायची. त्या सात दिवसांत चाक नको, बैल नको, माणूसही नको. चुना मातीचा चिकटपणा मारतो. मग ती फुगत नाही आणि फाटतही नाही. वर बोट-दोन बोटं मुरूम दिला की झाला रस्ता. माझा रोलरवाला दादू हे एका वाक्यात सांगायचा, "तंबाखूगत हाय बघा. चुना कमी पडला तर कडक न्हाई, जास्त झाला तर तोंड भाजतंय, आन नीट मळला न्हाई तर दोनी वाया." माझ्या साहेबांना मी जे तीन पानांत लिहून द्यायचो ते सगळं ह्यात आलं.

आता चुन्याचं काम करणाऱ्या सरकारी माणसाला लोक काय म्हणत असतील ते मी सांगायला नको. तो विनोद मी प्रत्येक गावात नवीन असल्यासारखा ऐकला आणि प्रत्येक गावात हसलो.

तर मळीच्या वाडीची गोष्ट. सांगलीकडं कृष्णाकाठाला ही वाडी. मोठ्या रस्त्यापासून दीड किलोमीटर आत, आणि तो दीड किलोमीटर नुसता काळा लगदा. आसपास मुरमाची खाण नाही. म्हणून वरिष्ठांनी माझं नाव काढलं. त्यांना काम व्हायला हवं होतं आणि नाही झालं तर नाव घ्यायला कुणीतरी हवं होतं.

पहिल्या ग्रामसभेला मी माझे ग्लास घेऊन गेलो. हा माझा हुकमी प्रयोग. एका ग्लासात रॉकेल, दुसऱ्यात पाणी, तिसऱ्यात पाणीच, पण माती चुना मिसळलेली. आदल्या दिवशी तिन्हींत सारखी माती टाकून ठेवायची. दुसऱ्या दिवशी रॉकेलातली माती होती तेवढीच राहते, पाण्यातली दुप्पट फुगते आणि चुन्याची गुमान तळाशी बसते. मी ऐटीत ग्लास फिरवून दाखवले. मागून एक म्हातारबा उठले. "सायेब, ते रॉकेल बेस हाय. रस्त्यावर रॉकेलच वता की!" दुसरा म्हणाला, "तात्या, चुलीला मिळंना झालंय, रस्त्याला कुठलं?" आणि सभा रॉकेलच्या भावावर गेली ती परत आलीच नाही.

फक्त एक बाई तिसऱ्या ग्लासासमोर बसून राहिल्या. साठीच्या, अंगानं बारीक, डोईवर पदर, पायात काही नाही. ह्या पद्माक्का. गावातल्या जैन घरातल्या, यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, पाच एकर ऊस-हळद एकट्या बघायच्या. सगळी वाडी त्यांना अक्काच म्हणायची.

"चुना घातल्यावर ही फुगत न्हाई म्हनता," त्या म्हणाल्या. "मग भेगा बी पडत न्हाईत?"

"नाही पडत."

"कवाच?"

"काम नीट केलं तर कधीच नाही."

"नीट म्हंजी कसं, सांगा बघू."

नोकरीत मला कुणी प्रश्न विचारले तर ते फक्त चौकशीचे. ही बाई शिकण्यासाठी विचारत होती. मी विरघळलो. माती किती बारीक हवी, चुना किती, पाणी किती, मुठीत दाबली की गोळा व्हावा पण हाताला चिकटू नये, सात दिवस कसे पाळायचे, सगळं सांगितलं. अक्कांनी एकदाच ऐकलं आणि परत मला बिनचूक म्हणून दाखवलं. माझ्या हाताखालच्या लोकांना ते कधी जमलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून अक्का रोज कामावर. छत्री टेकत यायच्या आणि एकच विचारायच्या, "मिरगाच्या आत हुईल न्हवं?"

कारण दादूनं मला सांगितलं, त्या वर्षी त्याचं बिऱ्हाड वाडीतच होतं. अक्कांची एकुलती एक शीतल सांगलीत दिली होती. तिला दिवस गेलेले. सातव्या महिन्यात ओटी भरून लेकीला माहेरी आणायची, पहिलं बाळंतपण आईनं करायचं, ही आपली रीत. पण शीतलच्या सासूबाईंनी साफ सांगितलं होतं, "आधी रस्ता, मग सून. त्या चिखलात माझी सून मी पाठवणार नाही." आणि त्यांचं चुकलं असं म्हणवत नव्हतं. साखरपुड्याला त्या आल्या तेव्हा ऐन अवकाळीत गाडी अडकली. भरजरी साडीत त्यांना शेवटचा तुकडा चालत यावं लागलं आणि डाव्या पायाची चप्पल जी चिखलात रुतली ती गेलीच. चार गड्यांनी शोधली. त्या बाई तशाच एका चपलेनं मांडवात आल्या आणि एका चपलेनं परत गेल्या. वाडीत लोक अजून म्हणायचे, "विहीणबाईंची चप्पल रस्त्याच्या पोटात हाय."

ती होतीच. रोटावेटरनं माती फोडताना अक्कांच्या घराजवळ एक दिवस काहीतरी उडालं आणि दादूच्या रोलरवर आदळलं. चिखलाचा गोळा फोडला तर आत सोनेरी पट्ट्याची, नक्षीची चप्पल. दादू म्हणाला, "सायेब, पुरावा सापडला." अक्कांनी ती पदरात घेतली आणि घरी नेली.

काम छान चाललं होतं. मोठ्या रस्त्याकडून सुरुवात केली आणि वाडीकडं सरकत आलो. रोहिण्या निघाल्या तेव्हा माती फोडून ठेवलेला शेवटचा तुकडा तेवढा राहिला होता, अक्कांच्या दारापुढचा, बरोबर चाळीस पावलांचा. त्याच्यासाठी दहा पोती चुना कडेला मांडून ठेवला होता. सकाळी आलो तर सहा.

मी तापट माणूस आहे. हे कबूल करून ठेवतो, कारण पुढं जे केलं त्याला दुसरं नाव नाही. मी तडक मारुतीच्या देवळात गेलो, सकाळची भजनं लावतात तो भोंगा चालू केला आणि सबंध वाडीला ऐकवलं, "ज्या कुणी सरकारी चुना चोरला, त्याच्या हाताला फोड येतील! त्यानं मुकाट्यानं पोती आणून ठेवावीत! आपल्याच गावचा रस्ता खाणारं असलं गाव मी जन्मात बघितलं नाही!"

परिणाम लगेच झाला. पोती आली नाहीत. माझा चहा बंद झाला. तीन दिवस मला वाडीत पाण्याचा तांब्यासुद्धा कुणी पुढं केला नाही. दादू तर जास्त दुखावला. "भोंग्यावर बोलला तुमी, आन तंबाखू बंद झाली माझी. माझा काय गुन्हा सांगा!"

त्याच आठवड्यात अक्कांच्या दोन्ही हातांना फडकी बांधलेली दिसली. "काय झालं अक्का?"

"हळद शिजवताना भाजलं."

मी हळहळलो. पिशवीतलं मलम काढून दिलं. वैशाख सरत आलेला, हळद केव्हाच शिजून, वाळून पेठेत गेलेली, हे माझ्या डोक्यात आलं नाही. माती ओळखण्यात आयुष्य गेलं की माणसं ओळखायची राहतात.

वर चौकशी केली तर नवा चुना यायला पंधरा दिवस लागणार होते. आणि मृग आठ दिवसांवर. सांगलीहून निरोप आला होता, शुक्रवारी ओटी भरून शीतलला घेऊन येतो, स्वतः सासूबाई सोबत आहेत. अक्का रोज विचारायच्या, "हुईल न्हवं?" मी म्हणायचो, "होणार म्हणजे होणार."

आणि मी ते केलं. दहा पोत्यांच्या जागेत सहा पोती पसरली. दादूनं रोलर थांबवला. "सायेब, ही तंबाखू कडक न्हाई व्हायची."

"तू रोलर चालव."

आभाळ भरून येत होतं म्हणून सात दिवसांचे चार केले. ओली पोती उचलली, वर मुरूम टाकला, दिसायला झकास. वहीत लिहिलं, काम नियमाप्रमाणे पूर्ण. सही केली. आजवर त्या वहीत मी शेकडो सह्या केल्या असतील, त्यातली ही एकच मला अजून दिसते.

गुरुवारी रात्रभर मृग कोसळला. शुक्रवारी सकाळी सगळी वाडी छत्र्या घेऊन रस्त्याच्या कडेला. माझ्याशी अबोला होता, तरी बघायला सगळे हजर. लांबून पांढरी गाडी दिसली. जावईबापू चालवत होते, शेजारी विहीणबाई, मागे शीतल. गाडी वळली आणि आमच्या रस्त्याला लागली. ना घसरणं, ना फरफटणं. पाणी दोन्ही अंगांनी वाहून जातंय आणि गाडी मधून सरळ येतेय. दादूनं मिशीला हात लावला. एका म्हाताऱ्यानं मला चक्क रामराम घातला. माझी छाती अशी फुगली की काळी माती काय फुगेल.

मग आली ती चाळीस पावलं.

गाडी निम्म्यात आली आणि डावं चाक बसलं. जावईबापूंनी जोर दिला, तसं उजवंही बसलं. चिखलाचा फवारा उडाला तो नेमका माझ्या पांढऱ्या शर्टावर. आणि जागा कुठली? जिथं चप्पल गेली होती तीच. च्यायला, एवढ्या दीड किलोमीटरमध्ये!

काच खाली झाली. विहीणबाईंनी आधी चिखलाकडं पाहिलं, मग आम्हा सगळ्यांकडं. "हाच का तो नवीन रस्ता?" त्यांनी विचारलं. आवाज चढवला नाही, ते जास्त वाईट होतं. "गाडी ढकलून मागं काढा. शीतल माझ्याकडंच राहील. बाळंतपण सांगलीत करू. अडचणीच्या वेळी हिला इथून बाहेर कशी काढणार तुम्ही?"

मागच्या काचेला शीतलचा चेहरा टेकलेला. अक्का छत्री मिटून पावसात उभ्या. सगळी वाडी माझ्याकडं बघत होती. बोलायचं ते मीच बोलायचं होतं. मला नेमकं ठाऊक होतं, गाडी का रुतली आणि कुणामुळं. मी तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "यंदा पाऊस जरा जास्तच आहे."

आजही ते वाक्य आठवलं की मला माझीच लाज वाटते.

अक्का पुढं झाल्या. अनवाणी, पोटरीपर्यंत चिखलात, खिडकीपाशी गेल्या. "ताई, रस्त्याचा दोष न्हाई. सायबांचा बी न्हाई. आख्खा रस्ता बगितला न्हवं तुमी, कसा हाय? हितलाच तेवढा चार पोती चुना मी नेला." आणि दोन्ही हात पुढं केले. फडकी नव्हती. तळहात चुन्यानं उकललेले.

भोंग्यावरचे माझे शब्द सगळ्यांना आठवले असणार. मला तर आठवलेच. हाताला फोड येतील म्हणालो होतो.

"भिंती रंगवायला तुम्ही रस्त्याचा चुना नेलात?" विहीणबाई थक्क.

"भिंतींना न्हाई. जिमिनीला. पोरीच्या खोलीला."

"म्हणजे?"

"आमचं घर बी ह्याच मातीवर हाय. दर साली जिमीन फुगती, फाटती. भेगंतनं इंचू निघतोय. तान्ह्या लेकराला तितं कसं निजवायचं? सायबांनी सांगितलं हुतं, चुन्यानं ही माती गप बसती. म्हनून केली."

शीतलनं दार उघडलं. "मम्मी," ती सासूबाईंना म्हणाली, "तुम्ही बसा. मी खोली बघून येते."

"अगं, पाय घसरेल! थांब!"

पण तोवर वाडी हलली होती. कुणी सांगावं लागलं नाही. शेजारच्या फडातून उसाच्या पाचटाचे भारेच्या भारे आले आणि चिखलावर वाळलेल्या पानांची गादी झाली. शीतल दादूच्या कारभारणीचा हात धरून त्या पाचटावरून चालत आईच्या दारात गेली. सून गेली म्हटल्यावर सासू काय गाडीत बसून राहणार? विहीणबाईही उतरल्या. दादू त्यांच्या डोक्यावर छत्री धरून, स्वतः भिजत, मागं. आणि सगळ्यांच्या मागं मी.

ती खोली मी कधी विसरणार नाही. सारवलेली जमीन, हातानं फिरवल्यासारखी सपाट. मी माणूस बेशरम, उकिडवा बसून आधी नखानं खरवडलं, मग किल्लीनं. ओरखडा उठेना.

"किती दिवस ठेवली, अक्का?"

"सात. वर वली पोती टाकून. मांजराला बी पाय टाकू दिला न्हाई."

"दाबली कशानं?"

"धुम्मसनं ठोकून. रोज पाटे, सगळी निजल्याली असताना. चुना बी हातानंच मळला, म्हनून तर हात गेलं."

विहीणबाईंनी टाच आपटून बघितली. एकदा, मग जरा जोरात. मग त्यांचं लक्ष कोनाड्याकडं गेलं. तिथं त्यांची सोनेरी पट्ट्याची चप्पल, धुऊन, तेल लावून, पाटावर देवासारखी ठेवलेली. "अगं बाई! हिची जोडीदारीण मी अजून टाकली नाहीये," त्या म्हणाल्या, आणि जे हसू फुटलं ते आवरेना. मग अक्काही हसल्या. मग शीतल. सातव्या महिन्याची ती, तिला हसताना बघून दोघी एकदम ओरडल्या, "अगं, जपून!" तिथंच ठरलं सगळं. ओटीचं सामान गाडीतून उतरवलं आणि शीतल राहिली. पुढं श्रावणात तिला मुलगी झाली. कळा सुरू झाल्या तेव्हा गाडी पाचटावरून चाळीस पावलं सावकाश आणि पुढं दीड किलोमीटर सुसाट गेली, असं दादूनं मला फोन करून सांगितलं. त्यानं आधी रस्त्याचं सांगितलं, मग मुलगी झाल्याचं.

पाऊसकाळ संपल्यावर खात्याकडून मिळालेली सहा पोती चुना घेऊन मी तो तुकडा उकरून नव्यानं करायला गेलो. माझी निवृत्ती जवळ आली होती. अक्कांनी पेठेतून चार पोती चुना स्वतः आणून ठेवला होता. नको म्हणालो तर म्हणाल्या, "न्हेला तेवढा परत करायचा. गप घ्या."

"मागितला का नाहीत तेव्हा?"

"दिला असता?"

"नसता दिला. सरकारी होता."

"म्हनूनच न्हाई मागितला."

माती फोडून झाली होती. दादू झाडाखाली तंबाखू मळत बसलेला. मी धीर केला. "अक्का, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. पोती कमी आहेत हे कळूनही मीच पातळ पसरलं. सात दिवसही पाळले नाहीत. काम थांबवलं असतं तर गाडी चाळीस पावलं अलीकडंच उभी करून शीतलला पाचटावरून नीट आणता आलं असतं. चूक माझी होती आणि गावापुढं चोर ठरलात तुम्ही."

"ठाव हाय मला," अक्का म्हणाल्या. "सा पोती धाच्या जागंत पसरताना मी कुंपनाआडनं बगत हुते की."

"मग सगळं आपल्या अंगावर का घेतलंत?"

"आवं सायेब, तुमी बोलला असता तर रस्ता खोटा ठरला असता. गाडी तशीच मागारी गेली असती. मी बोलले तर निस्ती आई खोटी ठरली. आई खोटी निघाली तर लेक भांडाय का हुईना, घरात येतीच."

मी दादूला हाक मारली, चल, चुना पसरायला घेऊ म्हणालो.

आता त्या रस्त्यावर डांबर आहे. कडेला फलक आहे, त्यावर बरीच नावं आहेत, माझं नाही, आणि ते बरंच आहे. विहीणबाई दिवाळी अंक आवडीनं वाचतात असं शीतल सांगते. म्हणून हे लिहिलं. रस्ता खोटा नव्हता ताई, इंजिनिअर खोटा होता.

तुकडा नव्यानं करायच्या त्या दिवशी मात्र मी पोती फोडायला निघालो तर अक्कांनी हात आडवा धरला. "थांबा. आदी मोजा."

मी मोजली. दहा होती. मग त्यांनीही मोजली.